पहिलीचा वर्ग: पाटी सगळ्यांत शेवटी

ऑगस्टच्या मध्यावर एका मुलाची वही बघत होते. पानभर क, एका ओळीत दहा, वळण झकास. विचारलं, "हे काय लिहिलंयस रे?" तो म्हणाला, "अभ्यास." मग फळ्यावर 'काका' लिहून विचारलं, तर माझ्याच तोंडाकडे बघत बसला. दोन महिने हात चालला होता, कान आणि डोळे सुट्टीवर होते.

दरवर्षी हे दिसतं. पहिल्यांदाच पहिली मिळालेले शिक्षक दुसऱ्या दिवशी पाटी काढायला लावतात, कारण खिडकीत उभे असलेले पालक विचारतात, "आज काय लिहून दिलं?" लिहिणं वाईट नाही. त्याची पाळी सगळ्यांत शेवटी असताना ते पहिल्या नंबरला येतं, एवढीच चूक. कोल्हापुरात मी वापरते तो क्रम खाली दिला आहे. मुख्यतः शिक्षकांसाठी आहे, पण घरी पाटी घेऊन बसणाऱ्या आयांनी आणि आजोबांनीही वाचावा.

## १. शाळा उघडायच्या आधीची तयारी

१५ जूनच्या आधी दोन दिवस वर्ग ताब्यात घ्या. खालच्या गोष्टी हाताशी हव्यात:

- प्रत्येक मुलाच्या नावाची जाड पुठ्ठ्याची पट्टी. अक्षर ठसठशीत, लांबून दिसेल असं. चित्र काढू नका; मूल चित्र ओळखेल, नाव नाही.
- बाटल्यांची बुचं, शंभर-दीडशे. कुल्फीच्या काड्या, रबरबँड.
- कुंभाराकडून घमेलाभर मळलेली माती, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
- एका बाजूने कोरे कागद. प्रेसवाल्याकडे किंवा पंचायतीत मागितले की मिळतात.
- मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक फळा. भिंतीवरचा मोठा फळा तुमच्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नाही.

आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. ज्या भिंतीला ओल येते तिथे पट्ट्या आणि तक्ते लावू नका. जुलै संपेपर्यंत बुरशी येते आणि मेहनत जाते. जमिनीलगत खोक्यात काही ठेवू नका.

हजेरीपटात जन्मतारीख असते, घरची भाषा नसते. ती पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवा. गडहिंग्लज, शिरोळकडे घरात कन्नड असू शकते, इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्यांच्या घरी हिंदी. अशी मुलं गप्प बसली की 'मंद' म्हणून शिक्का बसतो. ती फक्त शब्दाची वाट बघत असतात.

सावध: चिंचोके, हरभरे, वाटाणे मोजायला देऊ नका. पहिल्या वर्षी मी हरभरे दिले, एकाने नाकात घातला, आणि भिजून फुगलेला हरभरा डॉक्टरांना चिमट्याने काढावा लागला. तेव्हापासून माझ्या वर्गात बुचं.

## २. पहिले दोन आठवडे: फक्त सवयी

या दोन आठवड्यांत एकही अक्षर शिकवू नका. मुख्याध्यापक विचारतील, शांतपणे सांगा.

चप्पल कुठे काढायची, बाटली कुठे ठेवायची, लघवीला जाताना बाईंना कसं सांगायचं, नळ कसा बंद करायचा. प्रत्येक गोष्ट सांगून होत नाही, करून दाखवावी लागते, आणि तीही रोज. एका दिवशी एकच. पहिल्या दिवशी सगळ्या सूचना दिल्या तर तिसऱ्या दिवशी दरवाज्यात चप्पलांचा ढीग आणि तुमच्या घशाचा भुगा.

शांत बसवण्यासाठी एक खूण ठरवा. मी दोन टाळ्या वाजवते, मुलं तीन वाजवतात. "गप्प बसा" शंभरदा म्हटलं की त्याचा पंखा होतो: फिरत असतो, कुणाचं लक्ष नसतं.

रडणाऱ्याचं काय? त्याला काम द्या. खडू मोजून आण, पट्ट्या वाट. मांडीवर घेतलेलं मूल तासभर रडतं, हातात डबा दिलेलं पाच मिनिटांत थांबतं. खिडकीत थांबणारी आई हा मोठा अडथळा. तिला बाजूला घेऊन सांगा, "ताई, तुम्ही दिसलात की तो परत रडायला लागतो. मधल्या सुट्टीत फोन करते." आणि फोन खरंच करा.

घरून "थांब, बाईंना सांगून मार देववते" असा दम मिळालेली मुलं तुमच्या हाताच्या टप्प्यातच येत नाहीत. पालकांच्या पहिल्या बैठकीत हे आधी काढा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्ही बंद आहे. ते आपल्याला ठाऊक असतं, आजोबांना नसतं.

२६ जूनला शाहू जयंती येते आणि प्रभातफेरीच्या तयारीत दोन दिवस जातात. जाऊ द्यात. रांगेत चालणं, जोडीदाराचा हात न सोडणं, हीसुद्धा याच टप्प्यातली शिकवणी आहे.

तपासा: खूण केल्यावर एका मिनिटात, न ओरडता, मुलं गोल करून बसतात का? नसतील तर पुढे जाऊ नका. एक आठवडा आणखी द्या.

## ३. दिवसाचा साचा बसवा

वेळापत्रक शाळेनुसार बदलेल, क्रम बदलू नका. सहा वर्षांचं मूल एका जागी दहा-बारा मिनिटं टिकतं, म्हणून बसून करायच्या कामानंतर हलायचं काम हवंच.

सकाळी हजेरी तुम्ही पुकारू नका. पट्ट्या सतरंजीवर पसरा, आपापली ओळखून दोरीवर लावू द्या. उरलेल्या पट्ट्या म्हणजे गैरहजर. यात वाचन आहे, मोजणीही आहे: "किती पट्ट्या उरल्या?" पंधरा दिवसांत मुलं एकमेकांच्या पट्ट्या वाचायला लागतात. माझ्या वर्गातलं पहिलं खरं वाचन दरवर्षी इथेच होतं.

मग गप्पा, मग भाषा, मग अंगणात किंवा पावसात व्हरांड्यात हालचाल, मग गणित. जेवणानंतर गोष्ट आणि हातकाम. गणित जेवणानंतर ठेवण्याची चूक मी दोन वर्षं केली. खिचडी पोटात गेली की दहा आणि अकरा सारखेच दिसतात.

पोषण आहाराचा वेळ वाया घालवू नका. "आज अठ्ठावीस जण, ताटं पंचवीस, किती कमी?" हे गणित पुस्तकात असतं त्याहून खरं असतं, कारण चुकलं तर कुणीतरी उपाशी बसतो.

## ४. आधी बोलू द्या

रोज पंधरा मिनिटं गप्पा. विषय जवळचा: घरी काय शिजलं, म्हशीला रेडकू झालं, रंकाळ्यावर काय खाल्लं. एका दिवशी पाच-सहा जणच, पण प्रत्येकाला पूर्ण बोलू द्या.

इथे सगळ्यांत मोठी चूक होते ती भाषा सुधारण्याची. मुलगी म्हणते, "बाई, मी काल जोतिबाला गेलो." लगेच, "गेलो नाही, गेले म्हण." ती पुढचा आठवडा गप्प. आपल्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मी स्वतः आईशी अजून तसंच बोलतो, लिहिताना 'बोलते' करते. तेव्हा दुरुस्त करू नका, उत्तरात बरोबर रूप येऊ द्या: "हो का, तू जोतिबाला गेलीस? मीही मागच्या रविवारी गेले होते." कानावर पडत राहिलं की दिवाळीनंतर लिहिताना रूप आपोआप येतं. 'पानी', 'न्हाई', 'हिकडं' यांनाही हेच लागू.

गोष्ट रोज एक, पण नवी रोज नको. एकच गोष्ट तीन दिवस सांगा. तिसऱ्या दिवशी मध्येच थांबा आणि पुढचं वाक्य मुलांकडून घ्या.

तपासा: वर्गात कोण आठवडाभर एकदाही बोललेलं नाही? नावं लिहा. पुढच्या आठवड्यात गप्पा त्यांच्यापासून सुरू करा, पण सगळ्यांसमोर नको. पट्ट्या लावताना बाजूला बसून.

## ५. कान तयार करा: अक्षराशिवाय ध्वनी

जुलैचा पहिला पंधरवडा. फळा पूर्ण रिकामा. हा टप्पा बहुतेक वर्गांत गाळलाच जातो आणि पुढची सगळी अडचण इथूनच येते.

पहिला खेळ टाळ्यांचा. रं-का-ळा, तीन टाळ्या. को-ल्हा-पू-र, चार. प-न्हा-ळा, तीन; इथे काही मुलं 'न्' वेगळा करून चार वाजवतात, वाद होऊ द्या. मग मुलांची नावं.

दुसरा खेळ पहिल्या ध्वनीचा. "माझ्या पिशवीत म ने सुरू होणारं काहीतरी आहे." मका, मनी, मिरची. मुलं 'मिरची' म्हणाली तर ते बरोबरच आहे. त्यांनी म ऐकला. 'मगर' येईलच, पण 'मोबाईल' सगळ्यांत आधी येतो.

तिसरा, शेवटचा ध्वनी. हा अवघड आहे, घाई करू नका. चौथा, काढून टाकणे: 'कमान' मधला क काढला तर काय उरलं? 'मान'. हे जमलं की वर्गात एकदम हशा होतो, आणि तुम्हाला कळतं की कान तयार झाले.

सावध: या टप्प्यात 'क कमळाचा' म्हणू नका. मुलाच्या डोक्यात क म्हणजे कमळाचं चित्र बसतं. मग 'काका' समोर आला की ते कमळ शोधतं.

## ६. हात तयार करा

ध्वनीच्या बरोबरीने, दुपारच्या वेळेत. कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, रांगोळीच्या ताटात बोटाने रेघा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं.

आषाढात बेंदूर, आपल्याकडचा बैलांचा सण, येतो तेव्हा घमेल्यातली माती बाहेर काढा आणि मुलांना बैल करू द्या. बैलाची शिंगं करताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ज्या पद्धतीने दाबतात, तीच पेन्सिलची पकड. शिंगं तुटतात, पुन्हा लावावी लागतात. तुम्ही लावून देऊ नका. त्यांचे बैल कुत्र्यासारखे दिसतात, तसेच खिडकीत वाळत ठेवा.

मग रेघा: उभी, आडवी, तिरकी, अर्धगोल, गाठ. आधी हवेत हाताने, मग ताटात, मग पाटीवर मोठ्या. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावू नका. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

तपासा: पाटीवर अर्धगोल काढताना मूल खांद्यापासून अख्खा हात फिरवतं की मनगट? अख्खा हात फिरत असेल तर अजून मातीच.

## ७. अक्षरं: गटाने, शब्द बनतील अशी

जुलैच्या शेवटी. अ आ इ ई पासून अनुक्रमे जाऊ नका. तो क्रम शब्दकोश चाळायला उत्तम. शिकायला गैरसोयीचा, कारण पहिल्या दहा अक्षरांत 'आई'सारखा एखाद-दुसरा सोडला तर शब्दच बनत नाहीत.

मी असे गट घेते:

पहिला गट: क, म, न आणि काना. चार चिन्हांत काका, मामा, नाना, नाक, कान, काम, मका, मान, कमान. चौथ्या दिवशी मूल शब्द वाचतं. कमान म्हटलं की भवानी मंडपाची आठवण निघतेच. गप्पांचा विषय मिळतो.

दुसरा गट: र, ल, त, आ आणि दीर्घ वेलांटी. आता वाक्य बनतं: 'मामा आता आला.' 'मामी आली.' 'काकी, काम करा.' 'लाल माती.' ही वाक्यं फळ्यावर लिहून, मागे सरून गप्प उभे राहा. कुणीतरी वाचेल.

पुढचे गट तुम्ही पुस्तकातल्या पाठांकडे बघून करा, पण चार नियम पाळा.

एक, दिसायला सारखी अक्षरं एका पंधरवड्यात आणू नका: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, ट-ठ-ढ, ड-इ. एक पक्कं झालं की मगच जोडीदार. ख तर बराच उशिरा. मुलं त्याला 'रव' वाचतात, आणि त्यांचं चूकही म्हणता येत नाही.

दोन, ऱ्हस्व वेलांटी दीर्घच्या नंतर. ती बोलताना अक्षरानंतर येते आणि कागदावर आधी. 'किती' वाचताना डावीकडून जाणाऱ्या डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मूल अडखळतं.

तीन, च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत. चहातला वेगळा, चाकातला वेगळा. मूल विचारेल. "दोन्ही एकाच घरात राहतात" एवढं सांगून पुढे जा.

चार, शिरोरेषा अक्षर झाल्यावर. आधी रेघ मारून तिला अक्षरं लटकवायची सवय लागली की शब्दातलं अंतर जातं आणि सगळं वाक्य एक लांब दोरी होतं.

बाराखडी पाठ म्हणून घेण्याला माझा विरोध नाही, सूर छान लागतो. पण ते गाणं आहे. मधूनच 'मी' दाखवा. म, मा, मि असं सुरुवातीपासून म्हणत तिथवर यावं लागत असेल, तर ते वाचन नव्हे.

तपासा: पुस्तकातलं चित्र तळहाताने झाका आणि शब्द वाचायला सांगा. मग तोच शब्द खडूने जमिनीवर. तिथेही वाचला तर गट पक्का. वर्गातल्या तीन चतुर्थांश मुलांना जमलं की पुढचा गट. उरलेल्यांसाठी रोज दहा मिनिटं वेगळी, पट्ट्या घेऊन.

## ८. संख्या: हातात, मग तोंडात, मग पाटीवर

'एक ते शंभर म्हणतो' हे पालकांचं आवडतं वाक्य. मोजायला सात बुचं द्या. बोट एका बुचावर, तोंड तिसऱ्या आकड्यावर. एक वस्तू, एक स्पर्श, एक आकडा हे जुळेपर्यंत अंक लिहून घेऊ नका.

क्रम असा: मोजून सरकवणं, मग विखुरलेली मोजणं, मग 'मला सहा आण' असं सांगून आणायला लावणं. तिसरं सगळ्यांत कठीण, कारण थांबायचं कुठे हे लक्षात ठेवावं लागतं. शून्य रिकाम्या ताटलीने दाखवा. सगळ्यांना बुचं द्या, एकाला नुसती ताटली.

दहाच्या पुढे काड्या. दहा झाल्या की रबरबँड, तो दशक. गठ्ठे डावीकडे, सुट्ट्या काड्या उजवीकडे, जागा कधीही बदलायची नाही. आता मराठीची गंमत. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. मूल इमानदारीने ५२ लिहितं. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहितं, कारण त्याने तीस ऐकले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर थट्टा झाली. माझ्या मते नाव बदलायची गरज नव्हती, पण अडचण अगदी खरी होती. मी दोन्ही घेते: गठ्ठे दाखवत "दोन दशक पाच", आणि लगेच "म्हणजे पंचवीस".

१ आणि ९, ३ आणि ६ यांत गोंधळ चालूच राहतो. लाल शाईने गोल करू नका. ताटातल्या रांगोळीवर परत बोट फिरवा.

तपासा: सात बुचं ओळीत मोजायला द्या. मग तीच पसरवा आणि विचारा, "आता किती?" पुन्हा मोजायला लागलं तर चालेल. "जास्त झाली" म्हणालं तर अजून वस्तूच.

## ९. आता लेखन, आणि गृहपाठ

इथपर्यंत साधारण सप्टेंबर येतो. पहिलं लेखन स्वतःचं नाव, पट्टी बघून. मग वाचता येणारे शब्दच. जे मुलाला वाचता येत नाही ते लिहायला देऊ नका, हा एक नियम पाळला तरी अर्ध्या वह्या वाचतील.

फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा तोंडी सांगा: "नाक लिहा." मूल 'नक' लिहील. मग मोठ्याने वाचायला सांगा. बहुतेक वेळा काना स्वतःच लावतं. आठवड्यातून एकदा मनाचं एक वाक्य. 'मामा मका आल' असं आलं तरी तारीख घालून जपून ठेवा. पालकांच्या बैठकीत दहा पानं क दाखवण्यापेक्षा हे दाखवा.

गृहपाठ हवाच असेल तर दहा मिनिटांचा आणि पाटी-वहीशिवायचा: घरातल्या म ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू सांग, भाकऱ्या मोज, आजीला गोष्ट सांग. घाई करणाऱ्या पालकांना हेही सांगा की केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने समजून वाचण्याचं आणि साध्या आकडेमोडीचं लक्ष्य तिसरीच्या अखेरीस ठेवलं आहे, पहिलीच्या दिवाळीपर्यंत नाही.

## १०. खंड पडला तर, आणि मधूनच आलेलं मूल

पंचगंगेला पाणी चढलं की आठ-दहा दिवस शाळा बंद पडते. उघडल्यावर 'राहिलेला भाग' घ्यायला धावू नका. दोन दिवस सवयी, एक दिवस टाळ्यांचे खेळ, मग मागचा अक्षरगट. पुरातून आलेल्या मुलांना आधी पुराबद्दल बोलू द्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं येतात, बरीचशी मराठवाड्यातून. वर्ग तिसऱ्या-चौथ्या गटावर असतो आणि या मुलाने टाळ्यांचा खेळही केलेला नसतो. त्याला शेवटच्या रांगेत बसवून कित्ता गिरवायला देणं हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत वाईट. पहिल्या दिवशीच त्याच्या नावाची पट्टी तयार ठेवा. वर्गातलं एक बोलकं मूल त्याला जोडून द्या. ध्वनीचे खेळ ते मूल तुमच्यापेक्षा चांगले घेतं. त्याच्या बोलीला कुणी हसलं तर तो शब्द फळ्यावर लिहा आणि सगळ्यांना म्हणायला लावा.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की ही मुलं एका रात्रीत जातात, निरोप न घेता. म्हणून त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मी फेब्रुवारीपासूनच लिहून ठेवते: कोणते अक्षरगट वाचतो, कितीपर्यंत वस्तू मोजून आणतो, कोणती गोष्ट आवडते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत दाखवायला मिळतं ते शिक्षण हमी कार्ड भरून द्याच, पण पुढच्या बाईंना वर्गात पहिल्या सकाळी उपयोगी पडतं ते हे पान. नावाची पट्टीही वहीत घालून देते.